सोंग आणि शुश्रूषा

"पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकापुढे बसून खोट्या रुग्णवाहिका पळवितो, आणि वर म्हणतो की मी वैद्यकीय पथकाचा प्रमुख आहे!" हे उद्गार आम्ही इतक्या सुशिक्षित घरांतून ऐकले आहेत की त्याच्या पुढचे वाक्यही आता आम्हांस पाठ झाले आहे. ते असे: "यापेक्षा खऱ्या जगात काही केले असते तर?" प्रश्न उत्तम आहे. परंतु ज्या तोंडांतून तो निघतो, त्यांच्या धन्यांनी खऱ्या जगात काय केले याचा हिशेब कोणीच मागत नाही. तो आज मागावयाचा आहे. आणि आरोपींच्या यादीत प्रस्तुत लेखकाचेही नाव असल्यामुळे पक्षपाताचा आळ कोणी घेऊ नये.

ज्यांस या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतील पाचवा खेळ २०१३ साली निघाला. नावाप्रमाणेच तो मोटारी चोरणाऱ्यांचा, मारामारीचा आणि केवळ प्रौढांसाठी म्हणून विकला जाणारा खेळ. पुढे हौशी मंडळींनी 'फाइव्हएम' नावाच्या जोडणीच्या साह्याने त्याच काल्पनिक शहरात आपापले सर्व्हर थाटले; २०२३ साली खेळाच्या मूळ कंपनीने ही जोडणी करणारी मंडळीच आपल्या पदरी घेतली. येथे प्रत्येकाने एक पात्र घ्यावयाचे आणि त्या पात्राच्या वाणीने बोलावयाचे. कोणी टॅक्सीवाला, कोणी पोलीस, कोणी वकील, कोणी चोर. अशा नगरात माणसे जखमी होणारच. म्हणून तेथे रुग्णवाहिकेचे पथक असते. त्यात उमेदवारापासून प्रमुखापर्यंत पायऱ्या असतात. प्रमुखाने पाळ्या लावाव्या, नवख्यास शिकवावे, आलेली हाक कोणाकडे सोपवावयाची ते क्षणात ठरवावे. पगार खोटा, जखम खोटी. पलीकडून बोलणारा माणूस मात्र खरा.

"पण हे सगळे सोंगच ना?" होय, सोंगच. मात्र सोंगाची निंदा मराठी माणसाने जरा जपून करावी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हापासून रंगलेल्या तोंडांवर आपण जीव ओवाळीत आलो आहो. आणि वैद्यकाचे म्हणाल, तर त्याचे निम्मे शिक्षण सोंगावरच चालते. छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालू ठेवण्याची विद्या जगभर ज्या बाहुलीवर शिकवितात, ती १९६० साली नॉर्वेतील आस्मुंड लार्डाल या गृहस्थाने बनविली, आणि त्याचा मूळ धंदा खेळणी करण्याचा होता! २००५ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या दुसऱ्या खेळात एक काल्पनिक साथ योजनेबाहेर पसरली. तीत कोणी पळाले, कोणी मुद्दाम साथ पसरविली, तर कोणी आपल्या पात्राचा जीव धोक्यात घालून इतरांवर उपचार करीत राहिले. २००७ साली 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक मासिकात त्यावर शास्त्रीय लेख आला. शास्त्रज्ञांस जेथे मनुष्यस्वभावाचा अभ्यास दिसला, तेथे आमच्या दिवाणखान्यांस नुसता पोरखेळ दिसतो.

पण आमचा मुख्य मुद्दा याहून बोचरा आहे. या सोंगाच्या नगरांचे कायदे पाहा. बहुतेक सर्व्हरांवर पहिला दंडक असा की, आपल्या पात्रास जिवाची भीती असलीच पाहिजे. जीव जणू फुकटचा आहे अशा रीतीने जो गाडी हाकील वा वागेल, त्यास शिक्षा. दुसरा दंडक असा की, प्रसंग अंगावर आला असता मध्येच खेळ सोडून पळून जावयाचे नाही. जो पळेल त्यास हद्दपारी. जिवाची किंमत ठेवा आणि प्रसंगातून पळू नका, एवढे दोन नियम! पाषाणातील देवानेही याहून अधिक काय सांगितले असते?

आता हेच दोन नियम हाती घेऊन खऱ्या रस्त्यावर या. चांदणी चौकातून निघून भूगाव, पिरंगुट, पौड ओलांडीत, मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणारा रस्ता पावसाळ्यातील एखाद्या रविवारी पाहा. वळणावर पुढचे काही दिसत नसता गाडी पुढे काढणारे पदवीधर, धबधब्याखाली मुलास उभे करून कठड्याबाहेर झुकणारे आईबाप, रस्त्याच्या मधोमध थांबून छायाचित्रे काढणारी जोडपी. खेळात यांतील निम्मी मंडळी पहिल्या तासातच हद्दपार झाली असती. ज्या पाण्याची ही छायाचित्रे काढतात, त्याखाली गावे बुडाली आहेत. ती वाचविण्यासाठी १९२१ साली याच मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. दुसऱ्याच्या आपत्तीस देखावा समजण्याची आमची सवय अशी जुनी आहे.

याच रस्त्यावर, मुळशीच्या पुढे, एका भिजलेल्या दुपारी एक दुचाकी आडवी पडली होती. पंधरावीस माणसे भोवती उभी होती आणि त्यांतील बहुतेकांचे हात वर होते. मदतीसाठी नव्हे, चित्रण करण्यासाठी. आमची मोटार मंदावली, आम्ही "अरेरे" म्हटले, आणि पाय पुन्हा वेगावर ठेवला. मागच्या आसनावर आमच्या एका स्नेह्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. वर ज्यांचे उद्गार दिले तेच हे स्नेही. तो ओरडला, "काका, गाडी थांबवा!" आम्ही थांबलो, परंतु तो म्हणाला म्हणून, ही गोष्ट नमूद करून ठेवतो.

त्याने उतरताच जे केले ते पाहण्यासारखे होते. "कोणीतरी फोन करा" असे तो म्हणाला नाही. "निळा शर्ट, तुम्ही एकशेआठला फोन लावा. रेंज नसेल तर मोटारसायकलवर मागच्या गावात जा, आणि फोन लागला की परत येऊन मला सांगा. तुम्ही दोघे वळणावर जाऊन गाड्या थांबवा. याला कोणी उचलू नका." वयाने दुप्पट असलेली माणसे निमूटपणे कामास लागली, आणि चित्रण करणारे हात खाली आले. हे त्यास कोणत्या शाळेने शिकविले? कोणत्याही नाही. हे त्याने त्या रात्री दोनपर्यंतच्या निंद्य खेळात शिकले होते.

परंतु पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख खेळाची जाहिरात ठरेल. जखमीच्या मांडीतून रक्त वाहत होते, आणि तो मुलगा गुडघ्यांवर बसून नुसता पाहत राहिला. कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू लागले. ते घालू द्यावे की अडवावे हे त्यास ठाऊक नव्हते. खेळात एक कळ दाबली की पट्टी बांधली जाते. येथे स्वच्छ फडके जखमेवर धरून दोन्ही हातांनी घट्ट दाबून ठेवावे लागते, आणि त्याचे हात थरथरत होते. अखेर एका ट्रकचालकाने पाण्याची बाटली बाजूस सारली आणि आपला गमछा जखमेवर दाबून धरला. रुग्णवाहिका आली, जखमीस घेऊन गेली. पुढे त्याचे काय झाले याची चौकशी करण्याइतकी सभ्यताही आम्ही दाखविली नाही.

खेळाचे खोटेपण येथे आहे. तेथे बहुतेक ठिकाणी 'नव्या जन्मा'चा नियम असतो: मेलेले पात्र पुन्हा उठते, आणि आपण कसे मेलो हे त्याने विसरावयाचे असते. तेथे अंतर मिनिटांचे असते. मुळशीत तसे नाही. याच तालुक्यात हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत आणि याच तालुक्यात दूरध्वनीची हाक न पोहोचणाऱ्या वाड्या आहेत. राज्याची १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन सुरू झाली, प्रत्येक गाडीत डॉक्टर देण्याची योजना झाली. ही मोठीच गोष्ट. तथापि घाटातून पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा रस्ता त्यामुळे आखूड झाला नाही. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार गेले, बहुतेक स्त्रिया. भिंती फोडून आत शिरावे लागले. अशा वेळी प्रथम पोहोचतो तो शेजारी आणि वाटसरू. त्याचे हात शिकलेले असले तर वेळ वाचतो, नसले तर तो नुसता साक्षीदार ठरतो.

"पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो" ही सबबही आता उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या सूचनांस कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने तर १३४-अ हे कलमच घातले. सद्हेतूने जखमीस साह्य करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगण्याची सक्तीही नाही. २०२१ साली सरकारास अशा मदतकर्त्यांसाठी पाच हजारांचे बक्षीस जाहीर करावे लागले. ज्या समाजास रस्त्यावर थांबण्यासाठी पैसे देऊ करावे लागतात, त्याने पोरांच्या खेळास नाके मुरडावी हा विनोद आहे.

तेव्हा, आईबापहो, मुलाच्या हातून तो खेळ हिसकावून तुम्ही त्याच्यातील एकुलती एक सार्वजनिक वृत्ती हिसकावून घेत आहा. तो अठराचा झालेला नसेल तर खेळ बंद करा, जागरण होत असेल तर वेळ बांधून द्या. त्यास आमची ना नाही. पण "सोंग सोड" म्हणण्याऐवजी "सोंग पुरे कर" असे त्यास म्हणा. रक्त कसे थांबवावे, बेशुद्धास कुशीवर कसे वळवावे, छातीवर दाब कसा द्यावा, हे शिकावयास काही तास पुरतात. मुळशीतील प्रत्येक महाविद्यालयाने, प्रत्येक कारखान्याने आणि डोंगर फोडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक बंगल्यांच्या वसाहतीने हे तास ठेवावे. पथकाचे प्रमुख तयार आहेत. त्यांच्या हातांना विद्या नाही, आणि ती देण्याची तोशीस आम्ही घेतलेली नाही.

आणि त्या तासांना मुलाबरोबर बापानेही जाऊन बसावे. आमच्या स्नेह्यांस आम्ही हेच सांगितले. "मला कुठे वेळ आहे?" असे ते म्हणाले. त्यांचा मुलगा व आम्ही मात्र जाऊन आलो. बाहुलीच्या छातीवर दाब देताना दुसऱ्या मिनिटास आमचे हात भरून आले. मुलगा शेजारी बसून मोजीत होता. आकडा चुकला की आम्हांस पुन्हा पहिल्यापासून करावयास लावीत होता.