मावशी की आजी?

मुलांनो, लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. बोलताना कुठे सोडतो? शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडूनच येतात. तरी आपल्या कानाला ते नेमके ओळखता येतात. जपानी माणसांचे कान हे कसं करतात, ते आज पाहू.

जपानी कान मात्रा मोजतो. मात्रा म्हणजे ठरावीक वेळेचा एक ठोका. 'ओ-बा-सा-न्' म्हणजे मावशी किंवा काकू. ठोके चार, शेवटच्या 'न्'चासुद्धा वेगळा ठोका, बरं का! आता 'बा' लांबवा. 'ओ-बा-आ-सा-न्'. ठोके पाच, आणि अर्थ आजी! एका ठोक्याची चूक आणि मावशी एकदम म्हातारी. तसंच 'किते' म्हणजे 'ये', पण मध्ये एक ठोका थांबून 'कित्ते' म्हटलं की पोस्टाचं तिकीट.

दुसरी खूण सुराची. टोकियोत 'हाशि'मधला 'हा' उंच आणि 'शि' खाली म्हटला, तर जेवायच्या काड्या. 'हा' खाली, 'शि' उंच, तर नदीवरचा पूल. ओसाकाकडे नेमकं उलट! 1999 साली अ‍ॅन कटलर आणि ताकाशी ओताके या संशोधकांनी जपानी लोकांना अशा जोड्यांमधलं एकेकच अक्षर ऐकवलं. नुसत्या सुरावरून शब्द कोणता, हे त्यांनी बहुतेक वेळा बरोबर सांगितलं.

पण असे तयार कानही फसतात. जपानीत बहुतेक अक्षरं स्वरानेच संपतात. त्यामुळे दुसऱ्या एका प्रयोगात 'एब्झो' हा बनावट शब्द जपानी श्रोत्यांना 'एबुझो' असा ऐकू आला. फ्रेंच श्रोत्यांना मात्र मध्ये 'उ' ऐकू आला नाही. कानात दोष नव्हता; लहानपणापासून ऐकलेल्या भाषेने कान तसे घडवले होते.

आपल्या वर्गात दुसरी भाषा बोलणारं मूल येतं, 'ळ'ला 'ल' म्हणतं आणि सगळे हसतात. मुलांनो, त्याला कदाचित तो फरक अजून ऐकूच येत नसेल. हसू नका, शब्द सावकाश म्हणून दाखवा. पालकांनीही घरी हे जरूर सांगावं.

आता वाजवा टाळ्या! 'तो-ओ-क्यो-ओ', म्हणजे आपलं टोकियो. चार टाळ्या. मग 'निप्पोन्'ला किती?

(उत्तर : चार. नि, थांबा, पो, न्.)