व्हिसा तुमचा, कुत्रं कुणाचं?

पाटोदा तालुक्याला घर सोडून जाणं नवीन नाही. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढतात, शेळ्या-कोंबड्या चढतात आणि पुष्कळदा घरचं कुत्रंही चढतं. फडाजवळ कोपी पडली की राखण त्याच्याकडे. काहीजण मात्र ते गावातच सोडून जातात. पट्टा पडून टोळी परत येईपर्यंत ते या ओसरीवरून त्या उकिरड्यावर फिरतं. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं फार समजावून सांगायला नको.

आपली पोरं आता पुण्यामार्गे अमेरिका, दुबई, सिंगापूरला पोचलीत. 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीचं नावही खेड्यापाड्यांत निघायला लागलं. परमुलखात संध्याकाळ खायला उठते. मग कुणीतरी टाकून दिलेलं, शेल्टरमध्ये पडलेलं कुत्रं घरी आणावंसं वाटतं. जरूर आणा. दुकानातून पिल्लू विकत घेण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. फक्त त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढा: मला हा देश सोडावा लागला तर हे कुत्रं कुठे जाईल?

कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. व्हिसाचं तसं नाही. अमेरिकेत एच-वनबीवर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला किंवा निघायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या गडबडीत कुत्र्याची कागदपत्रं जमवणं कुणाच्याच डोक्यात नसतं आणि ते बिचारं पुन्हा शेल्टरच्या दारात जातं. म्हणून मायक्रोचिप, रेबीजची लस आणि तिचा दाखला ही कामं पहिल्या महिन्यातच उरका. क्रम मात्र चुकवू नका. आधी चिप, मग लस. उलटं झालं तर बहुतेक देश ती लस धरतच नाहीत.

घरमालकाची लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार पुढे कामाला येत नाही. सिंगापूरच्या सरकारी वसाहतीत सर्वसाधारणपणे लहान जातीचं एकच कुत्रं चालतं; सुटका केलेल्या स्थानिक कुत्र्यांसाठी वेगळी योजना आहे, तिची चौकशी करा. जर्मनीत कुत्र्यावर नगरपालिकेचा कर असतो, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो. शिवाय तिथे नियमच आहे की कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसं फिरवायचं. दहा-दहा तास कामावर असाल, तर हा वेळ कुठून काढणार ते आधी पाहा. तिथल्या शेल्टरची माणसं घर बघायला येतात, खोदून प्रश्न विचारतात. राग मानू नका. मुलगी देताना आपण काय कमी चौकशा करतो?

आता सुट्टीचं. दिवाळीच्या पंधरा दिवसांसाठी कुत्र्याला विमानात कोंबून गावी आणू नका. भारतात प्राणी आणायला पशु संगरोध कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो आणि ही सोय मुख्यतः कायमचं परतणाऱ्यांसाठी आहे. परत जाण्याची अडचण त्याहून मोठी. रेबीजच्या बाबतीत भारत धोक्याच्या देशांत मोडतो. युरोपातून निघण्यापूर्वीच रक्ताची अँटिबॉडी तपासणी केली नसेल, किंवा अमेरिकेतून निघण्यापूर्वी तिथल्या लसीचा सरकारी शिक्क्याचा दाखला घेतला नसेल, तर परतताना कुत्रं अडकतं. त्यापेक्षा विश्वासू मित्राकडे किंवा पैसे देऊन चांगल्या ठिकाणी ठेवा.

काहींना गावातलंच कुत्रं तिकडे न्यायचं असतं. माया समजते, पण हिशेब करा. युरोपसाठी चिप, मग लस, तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणं, म्हणजे चार महिने कुठेच गेले नाहीत. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून सहा महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेशच बंद केलाय, आणि इथली लस घेतलेलं कुत्रं ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतं. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही. सगळं धरून खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. तेवढी तयारी असेल तर न्या, नसेल तर पिल्लाला नाव ठेवण्याआधीच थांबा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. परदेशातून परतताना सोबत आणलेलं कुत्रं आई-बापाच्या गळ्यात बांधून स्वतः पुण्याला नोकरी धरू नका. केसाळ हस्कीला पाटोद्याचा मे महिना सोसत नाही आणि सत्तरीच्या बापाला हस्कीची ओढ सोसत नाही. शेवटी दार उघडं राहतं आणि कुत्रं रस्त्यावर येतं. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सांगितलंय की भटकं कुत्रं दत्तक घेतलं, की ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहणं घेणाऱ्याचं काम. शिवाय आपल्या तालुक्यात नायगावचं मोराचं अभयारण्य आहे. बेवारस कुत्र्यांच्या टोळ्या रानात शिरल्या, की जमिनीवर अंडी घालणाऱ्या लांडोरीचं काय होतं ते सांगायला नको.

तिकडे कुत्रं ठेवणं जमणार नसेल, तर इथल्यांसाठी करण्यासारखं भरपूर आहे. 2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नगरपंचायतीकडे त्याचा लेखी पाठपुरावा करा. गावी आलात की गल्लीतल्या चार पोरांना सोबत घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि आपल्या आळीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी यायला जमलं नाही, तर लसीचे पैसे तरी पाठवा.