वाघाच्या मावशीचा वैद्य

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. आमच्या भागात हे नाते जरा विचित्र रीतीने सांभाळले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वाघ जखमी झाला तर वनखाते पिंजरा, गाडी आणि पशुवैद्यक घेऊन धावते. नागपूरला गोरेवाड्यात वन्यप्राण्यांसाठी बचाव केंद्रही आहे. मावशी आजारी पडली तर मात्र कोणाकडे जावे, हे सावलीसारख्या तालुक्याच्या गावी चटकन कोणाला सांगता येत नाही. गेल्या दोन वर्षांत मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला. बहुतेकांनी आधी हसून घेतले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मात्र खऱ्या कुतूहलाने विचारले, "मांजरालेही शुगर होते का जी?"

होते. आमचा भुऱ्या दहा वर्षांचा बोका आहे. नसबंदी झालेला, आळशी आणि वजनदार, म्हणजे या आजाराला अगदी लायक उमेदवार. पहिली खूण मुंग्यांनी दाखवली. अंगणात तो जिथे लघवी करी तिथे सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असे. 'मधुमेह' हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्यातला मध आता कोणाला जाणवत नाही; मुंग्यांना जाणवला. मग तो बादलीशी तासन्‌तास पाणी पीत बसू लागला, दुप्पट खाऊनही वाळू लागला, आणि एके दिवशी मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालताना दिसला.

येथे पशुवैद्यक नाहीत असे नाही. पण लोक ज्याला 'गुरांचा दवाखाना' म्हणतात तो नावाप्रमाणेच गुरांचा आहे. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, श्रेणी दोनमध्ये बहुधा पशुधन पर्यवेक्षक. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्याने पदवीधराच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करायचे. त्यांचे दिवस लसीकरणात, कृत्रिम रेतनात आणि शेळ्यांच्या रोगराईत जातात, आणि ते योग्यच आहे. धानाच्या शेतकऱ्याची गाय मेली तर त्याचे वर्ष मरते. 'पशुधन' या शब्दात धन आहे आणि मांजर कोणाचेच धन नाही. २०१९च्या पशुगणनेत गाई-म्हशींपासून कुत्रा, ससा आणि हत्तीपर्यंत सर्वांची मोजदाद झाली. मांजराची झाली नाही. परंपराही फारशी वेगळी नाही. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यक आहे, पालकाप्याच्या नावावर हस्त्यायुर्वेद. मार्जारायुर्वेद कोणी लिहिला नाही. साहित्यातही मांजर दुखण्याने मरत नाही, निष्ठेने मरते. 'श्यामची आई'मध्ये आईच्या मागोमाग अन्न सोडून गेलेल्या मांजराला काय झाले होते, हा प्रश्न वर्गात मी कधी विचारला नव्हता, आणि मला कोणी विचारला नव्हता.

असो. अशा वेळी आपण जे करतो तेच मी केले. भुऱ्याला टोपलीत घालून एका मोठ्या शहरातल्या नामांकित खासगी दवाखान्यात नेले. प्रवासभर तो ओरडत होता. तिथे रक्तातली साखर तपासली, आकडा फार मोठा आला, आणि दहा मिनिटांत इन्सुलिन लिहून मिळाले.

आता हा आकडा काय सांगतो? घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही बरीच वर जाते. तासन्‌तास हादरलेल्या जनावराचा एकच आकडा म्हणजे संदर्भ तोडून उचललेले वाक्य. त्यावरून लेखकाची भूमिका ठरवणाऱ्या समीक्षकाला आपण काय म्हणतो ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी मागच्या एकदोन आठवड्यांच्या सरासरीचा अंदाज देते, भीती तिला फारशी फसवत नाही. ती कोणी सुचवली नाही. भुऱ्याला मधुमेह होताच, हे पुढे सिद्ध झाले. पण निदान बरोबर निघाले म्हणून वाचन बरोबर होते असे होत नाही.

खरी चूक त्याहून साधी होती. लिहून दिलेले इन्सुलिन एका मिलिलिटरला शंभर युनिटचे होते. औषधाच्या दुकानात मिळाल्या त्या लाल टोपीच्या, चाळीसच्या हिशोबाच्या सिरिंजा. आपल्याकडे दोन्ही प्रकार चालतात. शंभरच्या सिरिंजेची टोपी नारिंगी असते. चाळीसच्या सिरिंजेत दोनच्या रेघेपर्यंत शंभरचे औषध भरले तर ते दोन नव्हे, पाच युनिट होते. हे मला दवाखान्यात कोणी सांगितले नाही, दुकानात सांगितले नाही, आणि मराठीचा प्राध्यापक असलेल्या मला सिरिंजेवरचे बारीक अक्षर वाचावेसे वाटले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे भुऱ्या लडखडत भिंतीला धडकला आणि झटके देऊ लागला. पत्नीने त्याच्या हिरड्यांना मध चोळला. ज्या मधापासून त्याला वाचवायचे होते त्याच मधाने तो वाचला.

त्यानंतर मला योग्य वैद्य भेटला. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, आयुष्यभर गाई-बैलांत वावरलेले एक पशुवैद्यक. भुऱ्याला पाहून ते म्हणाले, "सर, मांजराचा मधुमेह मी कधी हाताळला नाही. दोन दिवस द्या." दोन दिवसांत त्यांनी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या आपल्या शिक्षकांना फोन केला, वाचले, आणि मग मला बोलावून आधी सिरिंज दाखवायला सांगितली. त्या एका मागणीवरून मला माणूस कळला.

माझे मत असे की दीर्घ आजारासाठी योग्य वैद्य हा त्या आजारातला सर्वात मोठा जाणकार असावा लागत नाही. आपले अज्ञान उघड सांगणारा, जाणकाराला विचारण्यात कमीपणा न मानणारा आणि पुढच्या आठवड्यातही फोन उचलणारा, असा तो हवा. मधुमेह ही एका भेटीत वाचून संपणारी गोष्ट नाही, ते पुनर्वाचन आहे. त्यांनी मला घरीच भुऱ्याच्या कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घ्यायला शिकवले. दर दोन तासांनी एक, असे दिवसभराचे आकडे वहीत मांडायचे आणि शेजारी तो काय खातो, किती पाणी पितो, कुठे झोपला हेही लिहायचे. माणसांचे यंत्र मांजराच्या रक्तात आकडा थोडा कमी दाखवते, हेही त्यांनीच सांगितले. माझ्या वहीवर त्यांचा विश्वास बसला, हे मला त्यांच्या पदवीपेक्षा महत्त्वाचे वाटते. ते आकड्याआधी नेहमी विचारतात, "काल उडी मारली का?"

आहाराचा प्रश्नही त्यांनीच काढला. हा धानाचा मुलूख. इथे मांजरसुद्धा दूधभातावर वाढते. मूळचा निव्वळ मांसाहारी प्राणी आपण आपल्यासारखा करून टाकला. आता भुऱ्याला अंडी, कोंबडी आणि असोलामेंढ्याच्या तलावातली मासळी मिळते. मात्र पिष्ट कमी केले की इन्सुलिनही कमी करावे लागते, म्हणून हा बदल सावकाश आणि वहीच्या साक्षीने झाला.

माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेला हे मत पटत नाही. त्या म्हणतात, "नाइलाजाला तुम्ही तत्त्वज्ञान करता आहात." त्यात तथ्य आहे. भुऱ्याने उद्या खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, रक्तात कीटोन वाढले, तर सलाइन आणि प्रयोगशाळा असलेले रुग्णालयच लागेल, आणि तेव्हा नागपूरशिवाय गत्यंतर नाही. त्यांचा दुसरा आक्षेप मला अधिक टोचला: ज्या भागात सिकलसेलच्या मुलांना तपासणीसाठी मैलोगणती जावे लागते, तिथे बोक्याच्या इन्सुलिनवर लेख लिहावा का? मला लाज वाटली, हे कबूल करतो. पण इकडे माणूस असो वा मांजर, प्रत्येक दवाखान्यात एकच वाक्य ऐकू येते: "पुढे न्या." हे वाक्य न उच्चारता "दोन दिवस द्या" म्हणणारा कोणीही, मग तो कोणत्याही प्राण्याचा वैद्य असो, या भागाला हवा आहे.

त्यांनीच एकदा सांगितलेली गोष्ट. इन्सुलिनचा शोध १९२१-२२ साली टोरोंटोत कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून लागला, आणि मांजराच्या इन्सुलिनशी सर्वात जवळचे इन्सुलिन गाईचे. दोहोंत फरक एकाच अमिनो आम्लाचा. "म्हणजे मी अगदीच चुकीच्या खात्यात नाही," असे म्हणून ते हसले.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वीज जाते. इन्सुलिन तापले की निकामी होते. त्यांच्या सांगण्यावरून मी एका मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात छोटे मडके बसवले आणि कुपी प्लास्टिकच्या डबीत बंद करून आत ठेवली. भुऱ्याला ती जागा गार आहे हे दुसऱ्याच दिवशी कळले. दुपारभर तो मडक्याला पाठ लावून झोपतो. वहीत तेही लिहिले आहे.