कमरेवरची जखम आणि मलमाची ट्यूब

मैत्रिणींनो, डोंबिवलीची सकाळची लोकल गाठायची, गर्दीत निऱ्या सुटायला नकोत, म्हणून आपण परकराची नाडी करकचून आवळतो. रोज एकाच जागी काचून तिथे काळा पट्टा पडतो, खाज सुटते. नाडी थोडी सैल, वर-खाली बांधा किंवा परकराला रुंद पट्टा लावून घ्या. पुष्कळदा एवढ्याने भागते.

पण तिथे जखम झाली आणि महिनाभरात भरली नाही, तर घरातली ट्यूब चोळत बसू नका. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकाऱ्यासह १९४५ सालीच धोतराच्या काचाने होणारा त्वचेचा कर्करोग नोंदवला होता. साडीच्या काचानेही तो होतो; क्वचित, पण होतो.

“हल्ली मलमानेही कॅन्सर जातो म्हणे!” जातो, पण अगदी वरवरचा असेल तरच. फ्लुरोयुरासिल किंवा इमिक्विमोडचे मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे लावतात. कातडी लाल होते, खपली धरते. रोग खोल गेला असेल तर सहसा शस्त्रक्रियाच लागते. तो किती खोल आहे, हे लहानसा तुकडा काढून तपासल्यावरच कळते.

तेव्हा कमर दाखवायला लाजू नका. आधी तपासणी, मग मलम!