बंब जुना, इशारा मात्र नवा हवा
खास प्रतिनिधी

आगीची वर्दी मिळताच बंब केंद्राबाहेर पडतो आणि पुढच्याच चौकात वाहनांच्या गर्दीत अडकतो. भोंगा वाजत असतो. पण वातानुकूलित मोटारीच्या बंद काचांआड तो उशिराच ऐकू येतो. अशा वेळी वाट मोकळी करून घेण्याची भिस्त टपावरच्या दिव्यावर असते. त्यामुळे जुन्या बंबांवरील इशारादिवे बदलणे ही केवळ रंगरंगोटी ठरत नाही.

जुन्या दिव्यात हॅलोजन बल्बभोवतीचा आरसा छोट्या मोटारीने फिरतो. २४ व्होल्टवर चालणारा ७० वॉटचा एक बल्ब सुमारे ३ अँपिअर वीज ओढतो. घटनास्थळी बंब तासन् तास उभा असताना हा भार अखेर बॅटरीवर पडतो. एलईडी दिव्यात फिरणारा भागच नसतो आणि विजेची गरजही बरीच कमी असते.

तथापि, दिवा बदलला की काम संपले, असे नाही. जुन्या गाडीचे वायरिंग तपासणे, अर्थिंग नीट करणे व स्वतंत्र फ्यूज देणे आवश्यक ठरते. अतिप्रखर दिवा रात्री इतर चालकांचे डोळे दिपवतो आणि त्यातून रस्त्यावर काम करणाऱ्या जवानांनाच धोका संभवतो. अमेरिकेच्या एनएफपीए १९०१ या मानकाने म्हणूनच धावत्या आणि उभ्या बंबासाठी दिव्यांच्या वेगवेगळ्या पद्धती ठरविल्या.

आपल्याकडे १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या गाड्यांवरील लाल दिवे हटले. आपत्कालीन सेवांना मात्र लाल, निळ्या व पांढऱ्या रंगांच्या दिव्याची मुभा मिळाली. पुढे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी व पालिकांच्या वाहनांची नोंदणी संपुष्टात आणणारा नियम लागू झाला. साहजिकच चौदा वर्षांच्या बंबावर खर्च करणे शहाणपणाचे नाही. आठ-दहा वर्षांच्या बंबाची मात्र सेवेची बरीच वर्षे शिल्लक असतात. नव्या बंबाच्या तुलनेत दिव्यांचा खर्च नगण्य आहे.

आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार १० हजार रुपये दंड होऊ शकतो. नागरिकांकडून ही शिस्त अपेक्षिणाऱ्या यंत्रणेने, आपला इशारा त्यांना वेळेत दिसेल, एवढी तरी तजवीज करायला नको काय?