केस कोणाचे आणि हुकूम कोणाचा?

बारामती-इंदापूर रस्त्यावरील अंथुर्णे गावात ग्रामपंचायत निवडणुकीची बोलणी चालली होती. आपल्या वस्तीतील एक पदवीधर तरुण उभा राहायला तयार झाला. ग्रामसभेत उठून मागासवर्गीयांच्या १५ टक्के निधीचा हिशोब मागणारा हा पोरगा. पण त्याचे केस खांद्यापर्यंत वाढलेले! "बाळा, आधी केस काप, मग फॉर्म भर. असल्या झिपऱ्याला कोण मत देणार?" असे त्याला सुनावण्यात आले. सुनावणारे कोणी जातीयवादी नव्हते. निळ्या झेंड्याखाली उभी हयात घालवलेली आपलीच वडीलधारी माणसे होती. म्हणूनच हा विषय आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

ज्या इंग्रजी मुलखांकडे बोट दाखवून आपल्याकडे टापटिपीचे धडे दिले जातात, तिथे काय चालते ते पाहू. बोरिस जॉन्सन २०१९ ते २०२२ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्या डोक्यावरचे विस्कटलेले जंगल हीच त्यांची ओळख! गोऱ्या, खानदानी माणसाचे वाढलेले केस ही त्याची लकब ठरते. पण काळ्यांचे आणि मूळनिवासींचे काय? १८७९ साली अमेरिकेत कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. तिथे पोरांचे लांब केस आधी कापले जात आणि मग त्यांना 'सुधारलेले' म्हटले जाई. त्याच अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ ते २००५ या काळात शायान जमातीचे बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल शेंडीसारखे केस मागे बांधून बसत. ती फॅशन नव्हती. कापलेल्या केसांना दिलेले ते उत्तर होते.

कॅलिफोर्नियातील ओकलंड-बर्कली भागातून १९७० साली रॉन डेलम्स हे काळे नेते अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. त्यांनी आपले कुरळे केस आफ्रिकी वळणानेच वाढवले होते. पण सामान्य काळ्या माणसाला नैसर्गिक केसांवरून नोकरीत आणि शाळेत डावलू नये, असा कायदा व्हायला त्याच कॅलिफोर्नियात २०१९ साल उजाडावे लागले!

याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर जन्मली आणि तिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांचे त्या काळातील फोटो काढून पाहा. त्या फोटोंतले वाढलेले केस आपल्याला खुपत नाहीत. मग अंथुर्ण्याच्या पोराचेच का खुपावेत?

आपल्या देशातही हिशोब तोच आहे. २०२०-२१ मध्ये पंतप्रधानांनी केस-दाढी वाढवली, तेव्हा त्यांची तुलना थेट रवींद्रनाथांशी झाली. तेच केस वस्तीतल्या पोराने वाढवले की गाव म्हणते, "माजला!" केस तेच, फरक फक्त जातीचा!

बाबासाहेबांच्या लहानपणी साताऱ्यात न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावीत नसे. त्यांची थोरली बहीण घरीच भावंडांचे केस कापायची. १९५५ च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्यात 'दुकान' या शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा स्पष्ट उल्लेख का आहे, ते यावरून समजावे. पुढे अॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली. जबरदस्तीने मुंडण करणे आणि मिशा काढणे हे २६ जानेवारी २०१६ पासून त्या कायद्याखाली नाव घेऊन गुन्हे ठरले. काल ज्यांनी आमचे केस कापायला नकार दिला, तेच आज आमचे केस सक्तीने भादरतात. म्हणजे प्रश्न कात्रीचा नाही, हुकमाचा आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेब तर नेहमी सुटाबुटात, नीटनेटके राहत. खरे आहे. पण तो सूट कोणाच्या हुकमाने घातलेला नव्हता. अस्पृश्याने चिंध्याच नेसाव्यात, या हुकमाला मारलेली ती चपराक होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या माताभगिनींना, अस्पृश्यतेची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाकून द्या, असे सांगितले. आपल्या देहावर काय असावे हे गावाने ठरवू नये, हाच त्याचा अर्थ. त्याच बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण आपल्याच पोराला गावाच्या पसंतीचा साचा घालणार काय?

आमचे तरुणांनाही सांगणे आहे. नुसते केस वाढवून क्रांती होत नाही. पँथरांनी केस वाढवले, तसे वाचनही वाढवले आणि लाठ्याही खाल्ल्या.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अपात्रतेची भली मोठी यादी आहे. तीत कराची थकबाकी आहे, सरकारी जागेवरील अतिक्रमण आहे, केस नाहीत. तेव्हा वडीलधाऱ्यांनो, उमेदवाराचे वय पाहा, जात वैधता प्रमाणपत्र पाहा, निधीचा हिशोब मागायची धमक पाहा. केसांचे त्याचे तो बघून घेईल. जयभीम!