डोकी सडली म्हणे!

हल्ली लग्नाला जा, मुंजीला जा, अगदी कुणाच्या दहाव्याला जा, चार जाणती माणसं जमली की विषय ठरलेला. "या रील्सनी पोरांची डोकी सडवली हो!" सगळे माना डोलावतात. मग कोणीतरी माशाची गोष्ट काढतो. माणसाचं लक्ष आता म्हणे आठ सेकंद टिकतं आणि गोल्डफिशचं नऊ! हा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या एका अहवालामुळे जगभर पसरला. त्याच्या मुळाशी कुठलं संशोधन आहे हे शोधायला गेलेल्यांच्या हाती काहीच लागलं नाही. पण गोष्ट छान आहे, त्यामुळे ती चालते.

मला या 'सडली' शब्दाचा राग आहे. कांदा सडतो तो चाळीत पडल्या पडल्या, दमट हवेनं. त्यात कोणाचा हात नसतो. इथे मात्र कोणीतरी बसून, विचार करून, पगार घेऊन हे घडवतंय.

स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरावीक टोचा मारल्यावर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा खातं, जरा थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा केला की ते टोचतच राहतं. हे १९५७ साली पुस्तकात छापून आलंय. आता अंगठ्याने वर सरकवणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा. एक रटाळ, दोन रटाळ, चौथा झकास!

त्यात शेवट नावाची गोष्टच काढून टाकलेली. पान कधी संपूच नये ही युक्ती २००६ साली एझा रास्किन याने काढली आणि पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. टीव्हीवर निदान चॅनेल आपण निवडत होतो. इथे निवडायचंही काम नाही. व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तुम्ही कुठे रेंगाळलात याची नोंद होते, पुढचा दाणा त्यावरून ठरतो.

मग मेंदूवर परिणाम होतो की नाही? होतो, पण गप्पांमध्ये सांगतात तसा नाही. २०२३ साली म्युनिकमध्ये साठ जणांवर एक प्रयोग झाला. हातात एक काम दिलं, त्यात एक गोष्ट आठवणीने करायची होती. मध्ये थोडी सुट्टी दिली. सुट्टीत टिकटॉक बघितलेले लोक ती गोष्ट विसरू लागले, ट्विटर वाचणाऱ्यांचं किंवा यूट्यूब बघणाऱ्यांचं तसं झालं नाही. साठ माणसांवरून अख्ख्या पिढीचं निदान करू नये हे खरंच. पण कोणती गोष्ट निसटली ते बघा. 'मी काय करायला बसलो होतो' हेच निसटलं. क्लासची वेळ बघायला फोन उचलायचा आणि अर्ध्या तासाने वेळ न बघताच खाली ठेवायचा, हे तुमच्याही घरात रोज घडत असेल.

बारावीच्या मुलाचं गणित अडतं तेव्हा नेमकं हेच लागतं. अडलेलं गणित डोक्यात धरून नुसतं बसून राहणं. ती पाच मिनिटं फार कंटाळवाणी असतात, आणि शिकणं म्हणतात ते बरंचसं त्याच पाच मिनिटांत होतं. हे यंत्र नेमकी तीच मिनिटं उचलतं.

बरं, हे फक्त पोरांचंच का? ग्लोरिया मार्क या संशोधक बाई वर्षानुवर्षं हेच मोजत आल्या आहेत. २००४ साली माणूस संगणकाच्या एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलं. ही मोजलेली माणसं कोण? कचेरीत काम करणारी मोठी माणसं!

"पण बंदी घातली होती ना?" घातली होती की. जून २०२० मध्ये टिकटॉक गेलं, जुलैत रील्स आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी आपल्याकडेच सुरू केली. बंदी देशाच्या सुरक्षेसाठी होती, मुलांच्या लक्षासाठी नव्हे. दुकान बदललं, माल तोच.

आणि "आम्ही काय करणार, तंत्रज्ञानच तसं आहे" हे कंपन्यांचं रडगाणं तर ऐकूच नका. टिकटॉकच्याच मालकांनी चीनमधल्या आपल्या डोयिनवर सप्टेंबर २०२१ मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ४० मिनिटांची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा कुलूप लावलं. सरकारने डोळे वटारले, जमलं. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं नववं कलम १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करतं. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत! म्हणजे आठवीतला मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर जाईपर्यंत यंत्र त्याला वाचत राहणार.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ साली तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात झाली. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद. मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर भोंगा अख्ख्या गावासाठी होता. मुलाने पुस्तक उघडायचं आणि बापाने शेजारी बसून फॉरवर्ड बघायचे, असा प्रकार नाही.

म्हणून पोरांना 'संयम ठेव' असं सांगणं आता पुरे. १८ वर्षांखालच्या खात्यावर व्हिडिओ आपोआप सुरू होता कामा नये, यादीला शेवट असला पाहिजे, आणि पाळत ठेवून निवडलेला माल मुलांपुढे येता कामा नये. हे आपल्या खासदाराला विचारा, शाळेच्या पालकसभेत विचारा. आणि उत्तर येईपर्यंत संध्याकाळचा दीड तास पहिला फोन आपला बंद करा. पोरं बघत असतात.